ओसरत्या पावसातील लोणावळा

भाद्रपद सरत आला की पावसाचा जोर ओसरू लागतो. आषाढ-श्रावणात दिवसदिवस कोसळणारा पाऊस आता एखादी सर टाकून निघून जातो आणि मागोमाग कडक ऊन पडते. मुंबईतील डिलाईल रोडवरच्या चाळींत अशा दुपारी जीव कासावीस होतो. समुद्रावरून येणारी हवा दमट असल्यामुळे अंगाचा घाम वाळत नाही. परंतु याच सुमारास, आगगाडीने अडीच-तीन तासांच्या अंतरावर, सह्याद्रीच्या माथ्यावरील एका गावात हवा आल्हाददायक असते. ते गाव म्हणजे लोणावळा.

पावसाळा आणि हिवाळा यांच्या सांध्यावरील हा काळ लोणावळा पाहण्यास फार सोयीचा होय. भर पावसात सारी दरी धुक्याने झाकून जाते. उन्हाळ्यात धबधबे आटून डोंगर उघडेबोडके दिसतात. सप्टेंबरच्या अखेरीस मात्र ओढे वाहत असतात, धुके मधूनमधून विरळ होते आणि दूरवरचे कडे स्पष्ट दिसू लागतात. गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी यांनी डोंगरउतार फुलून जातात.

डिलाईल रोडवरून निघणाऱ्याने करी रोड स्टेशनावरून दादरला जावे व तेथे पुण्याकडे जाणारी गाडी धरावी. कर्जतपर्यंत गाडी भातशेतांच्या कडेने धावते. कर्जतला तिच्या मागे जादा इंजिने जोडतात, कारण पुढे बोरघाटाचा अवघड चढ लागतो. काही ठिकाणी सदतीस मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्यासाठी हजारो मजुरांनी कातळ फोडून बोगदे खोदले व अनेकांनी अपघातात आणि रोगराईत प्राण गमावले. आज बोगद्याबाहेर पडताच समोर दिसणारा धबधबा पाहून प्रवासी हरखून जातात. त्या वेळी या मजुरांचेही स्मरण ठेवणे उचित होय.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असतो. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडले की वर चढू लागतात. वर चढताना हवा प्रसरण पावते आणि थंड होते. मग तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू होऊन पाऊस पडतो. मुंबईत वर्षाकाठी सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात तो जवळजवळ दुप्पट असतो. घाट ओलांडून वारे पूर्वेकडे उतरू लागले की त्यांच्यातील बाष्प कमी झालेले असते. म्हणूनच तेथून अवघ्या पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्यात सुमारे ७०० मिलिमीटरच पाऊस पडतो.

या पावसाचा डिलाईल रोडशी जुना संबंध आहे. गिरणगावातील कापडगिरण्या पूर्वी कोळशाच्या वाफेवर चालत आणि त्यांची धुराडी रात्रंदिवस धूर ओकीत. सह्याद्रीवरील पावसाच्या पाण्यापासून वीज निर्माण करावी, ही कल्पना उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी पुढे आणली. १९०४ साली त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या मागे ती सिद्धीस गेली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे तलाव बांधले गेले. तलावांतील पाणी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत नेऊन लोखंडी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली, खोपोलीस सोडण्यात आले. त्या पाण्याच्या वेगाने तेथील यंत्रे फिरू लागली आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. जे पाणी भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जावयाचे, ते घाट उतरून पाताळगंगेवाटे अरबी समुद्राकडे जाऊ लागले. एका खोऱ्याला मिळालेले पाणी दुसऱ्या खोऱ्याला मिळत नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१९८२ च्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्या जागी आता काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. परंतु खोपोलीचे वीजकेंद्र आजही मुंबईला वीज पुरवते. पाऊस ओसरताना हे तलाव काठोकाठ भरलेले दिसतात, ते यासाठीच. पुढील आठ कोरड्या महिन्यांची ती पुंजी असते.

या रमणीय दृश्याला एक भयंकर बाजूही आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळील धबधब्यात अचानक पाणी वाढले आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. येथील काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असल्यामुळे पाणी फारसे मुरत नाही. वरच्या डोंगरावर सर कोसळली, की खाली ऊन असतानाही ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी गढूळ होणे, पाचोळा वाहून येणे आणि प्रवाहाचा आवाज वाढणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच क्षणभरही न रेंगाळता काठावरून दूर, उंच जागी जावे. परंतु लक्षणे दिसेपर्यंत वेळ हाती उरेलच असे नाही. म्हणून पाऊस ओसरत असला तरी वाहत्या प्रवाहात उतरू नये आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवू नये, हेच शहाणपणाचे.

लोणावळ्याहून परतताना लोक शेंगदाण्याची व गुळाची चिक्की घेऊन येतात. त्याबरोबरच तेथील पाण्याची खरी ओळखही घरी आणावी. ज्या पाण्याने गिरणगावातील माग चालवले, तेच पाणी बेसावध माणसाला वाहूनही नेते. त्याचे उपकार जाणणे आणि त्याच्या सामर्थ्याचे भान ठेवणे, ही दोन्ही सुजाण प्रवाशाची लक्षणे आहेत.