मिरची चौकातला तास

सकाळचे सात. नाशिकमधला छत्रपती संभाजीनगर रस्ता, नांदूर नाक्याजवळचा मिरची हॉटेलचा चौक. माझ्यासोबत चार नवे वार्ताहर आहेत आणि धूळ चुकवत आम्ही कडेला उभे आहोत. समोरून कांद्याची पिकअप जाते, मग दुधाचे कॅन अडकवलेली मोटारसायकल, मग रात्रभर धावून आलेली एक ट्रॅव्हल्स. तिच्या खिडक्यांचे पडदे अजून ओढलेले आहेत.

"ताई, इथंच ना?"

इथंच. ८ ऑक्टोबर २०२२ची पहाट. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस ट्रकवर आदळली, पेटली आणि बारा जण गेले. पोरं तेव्हा कॉलेजात होती. जळत्या बसचा व्हिडिओ तेवढा सगळ्यांना आठवतो.

त्याच अपघाताची बातमी मी त्यांना आता उभ्याउभ्या लिहायला लावते. वह्या परत येतात. 'भरधाव' तिघांकडे, 'काळाचा घाला' दोघांकडे, 'चालकाविरुद्ध गुन्हा दाखल' मात्र चौघांकडेही. पोरांना काय बोलणार? अपघात क्राइम बीटवाल्याकडे जातो, तो ठाण्याला फोन करतो, ठाण्याकडे एफआयआर असतो आणि एफआयआरला आरोपी लागतो. डेंगीची बातमी आपण अशी करत नाही. पाणी कुठं साचलंय, फवारणी झाली का, हे महापालिकेला विचारतो. ताप आलेल्याला कुणी बेदरकार म्हणत नाही.

"पानावर तीन रकाने आखा. धडकेआधी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर."

ही मांडणी विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरची. साथीचा माग काढावा तसा तो अपघाताचा माग काढायचा; १९६६ साली तिथल्या सरकारनं वाहतूक सुरक्षेचं नवं खातं काढलं, तेव्हा पहिला प्रमुख म्हणून त्यालाच नेमलं. पोरांना त्याच्या नावाशी कर्तव्य नाही. रकाने मात्र भराभर भरू लागतात.

येवल्याची मुलगी पहिल्या रकान्यात 'झोप' लिहिते. ड्रायव्हर सलग किती तास चाकावर होता, हे तिला विचारायचंय. चहावाला मधेच बोलतो, "पूर्वी कोपऱ्यावर टपऱ्या होत्या. आडव्या रस्त्यानं काय येतंय ते दिसायचंच नाही." बारा माणसं गेल्यावर अतिक्रमणं निघाली, गतिरोधक आले. त्याआधी इथं थोडक्यात हुकलेल्या धडका किती? चहावाला हसतो. त्यांची बातमी कोण करणार?

मधल्या रकान्यापाशी जरा थांबावं लागतं. बारा जण धडकेनं गेले की आगीनं? मागचं दार उघडलं का? काच फोडायचा हातोडा जागेवर होता का? एवढं कळलं तरी पुढच्या बसमधल्या झोपलेल्या माणसाच्या कामाचं आहे.

तिसरा रकाना चौघांचाही कोरा.

आपल्याकडे अपघातानंतर तीस दिवसांत दगावलेला माणूस रस्त्यावरच्या मृत्यूंत मोजतात. बातमी पहिल्याच रात्री संपते. जानेवारी २०२५मध्ये नाशिकच्याच द्वारका भागातल्या उड्डाणपुलावर निफाडहून परतणाऱ्या पोरांचा टेम्पो सळया भरलेल्या ट्रकवर मागून आदळला. पहिल्या रात्रीचा आकडा पुढच्या दिवसांत वाढत गेला. जे वाचतात त्यांचं काय होतं, कुणाचा पाय जातो, कुणाची नोकरी, घरातलं कोण काम सोडून उशाशी बसतं? 'किरकोळ जखमी' लिहून आपण मोकळे.

"पण ताई, वेळ कुठाय?" सिन्नरचा मुलगा अखेर म्हणतोच. "पोर्टलला पाच मिनिटांत कॉपी लागते."

बरोबर आहे त्याचं. पाच मिनिटांत जेवढं होईल तेवढंच दे, मी सांगते, पण तिसाव्या दिवशी एक फोन कर. त्यावर डेस्क 'शिळी बातमी' म्हणून ओरडेल, हे मी त्याला आधीच सांगून ठेवते.

मग आकडा काढते. २०२३ साली महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,३६६ माणसं मेली. येवल्याची मुलगी मोबाइलवर भागाकार करते : रोज बेचाळीस. म्हणजे दिवसाला साडेतीन मिरची चौक. फक्त ती बेचाळीस माणसं एका बसमध्ये नसतात. एकेकटी मरतात, बहुतेक दुचाकीवर किंवा पायी, आणि आतल्या पानावर चार ओळींत मावतात. पाच ते एकोणतीस वयाच्या माणसांचा जगभरात सर्वांत जास्त जीव रस्ताच घेतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्यासमोरचे चौघेही त्याच वयातले. हेल्मेट दोघांकडेच आहे. त्यातलं एक आरशाला लटकलंय.

"२०२१मध्ये नाशिक पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' काढलं होतं ना?" सिन्नरकर विषय बदलतो. होतं, पंधरा ऑगस्टपासून. पंपावरच्या वादावादीच्या बातम्या आल्या. "त्या महिन्यांत डोक्याला मार लागलेले पेशंट कमी झाले का, हे कुठल्या डॉक्टरला विचारशील?" तो डोकं खाजवतो आणि लिहून घेतो.

येवल्याच्या मुलीला आजच सुरुवात करायचीय. महिन्यापूर्वीचं एक कात्रण तिच्याकडे आहे, दुचाकीस्वार, 'प्रकृती चिंताजनक'. ती रुग्णालयात फोन लावते, स्पीकरवर.

"क्राइम रिपोर्टर का?"

"नाही, आरोग्याची बातमी करतेय."

"ॲक्सिडेंटची केस आहे ना मॅडम? मग पोलीस चौकीचा नंबर लिहून घ्या."

ती नंबर लिहून घेते आणि म्हणते, "घेतला. आता वॉर्डातल्या सिस्टरांना जोडून द्या."