पिल्लं कोणत्या दिवशी मेली?

हॅचरीतून आलेली एक दिवसाची पिल्लं पटापट मरू लागली की पहिला संशय रोगावर जातो आणि पाण्यात अँटिबायोटिक पडतं. माझ्या मते आधी मरणाचा दिवस पाहावा. पोटातल्या बलकावर पिल्लू साधारण 72 तास तगतं. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी गळ्याची पिशवी रिकामी असलेली पिल्लं गेली, तर ती बहुधा दाणापाणी न सापडल्याने उपाशी मेलेली असतात. पहिल्या दोन दिवसांत मेली, तर प्रवासातली थंडी किंवा ऊन आधी तपासा. बलक असताना पाण्याची घाई कशाला, असं काहीजण म्हणतात. पण प्रवासात अंगातलं पाणी आटतच असतं. बेंबीचा संसर्ग मात्र खरा रोग. त्यासाठी ताजं मेलेलं पिल्लू पशुवैद्यकाकडे शवविच्छेदनाला न्या, औषध त्यानंतर.