कडुनिंब की बकाणा? आधी ओळखा, मग कुटा

शेतकरी बंधू-भगिनींनो, बाजारासाठी, कचेरीच्या कामाला किंवा लेकीला भेटायला आपण पुण्याला येताच. पुढच्या खेपेस रस्त्याकडेच्या झाडांपाशी घटकाभर थांबा. दुरून कडुनिंबच वाटावा अशी तीन झाडे या शहरात भेटतील: खरा कडुनिंब, बकाणा निंब आणि महारुख.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढे? पण बकाण्याची फळे विषारी असतात. निंबोळी समजून लहान मुलाने ती खाल्ली तर जिवावर बेतते.

मग ओळखायचे कसे? पूर्ण पान मधल्या दांड्यासकट तोडून हातात घ्या. कडुनिंबाच्या एकाच दांड्यावर दोन्ही बाजूंनी पाती लागतात. पाते कोयत्यासारखे वाकडे, कडेला करवतीचे दाते. बकाण्याच्या दांड्याला मात्र आधी लहान दांडे फुटतात आणि पाती त्यांवर असतात. महारुखाचे पान हातभर लांब, पाती मोठी, दाते ओबडधोबड.

आता फुलाफळांची साक्ष काढा. कडुनिंबाचा मोहोर पांढरा, बकाण्याचा फिकट जांभळा. निंबोळी लांबट, ती ज्येष्ठ-आषाढात पिकून गळते. बकाण्याचे फळ गोल. पाने झडली तरी घोस झाडावर लटकत राहतात. त्याच्या आठळीला आरपार भोक असते, म्हणून तिच्या माळा ओवतात. महारुखाचे फळ चपटे, पंखासारखे, वाऱ्यावर उडणारे.

एकाच खुणेवर विसंबू नका. पान, फूल, फळ यांतल्या दोन-तीन खुणा जुळल्या तरच खात्री माना. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. त्यातही झाडे अशाच खुणांनी वेगळी केली आहेत.

एवढे करूनही शंका राहिली तर फुलाफळासह डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. गाव, तारीख आणि झाडाची उंची लिहून ती जाणकाराला दाखवा. पुण्यात १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. तेथेही असेच वाळवलेले नमुने जपून ठेवतात.

पाडव्याला कडुनिंब खायचा असो की फवारणीसाठी निंबोळी कुटायची असो, पोरांना सोबत घेऊन आधी झाडाखाली जा. ओळख पटल्यावाचून पाटा-वरवंट्याला हात लावू नका.