पोर्ट उघडला, अपलोड तिथेच!

लग्नसराई सुरू झाली की फोटोग्राफर मंडळींचा एक ठरलेला प्रश्न येतो. शूटिंगचा साठ जीबीचा माल एडिटरला पाठवायचा असतो. रात्री अपलोडला लावून झोपतात आणि सकाळी बघतात तर पट्टी निम्म्यावर. मग यूट्यूबवर कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवून फोन येतो, "सर, राउटरमध्ये तेवढा पोर्ट ओपन करून द्या ना, अपलोड डबल होतं म्हणे."

होत नाही. डबल तर नाहीच, सव्वापटही नाही. हे इतक्या वेळा सांगून झालंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

घरातला फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा या सगळ्यांना मिळून बाहेरच्या जगात एकच पत्ता असतो, तो राउटरचा. आतल्या यंत्रांना १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते दिलेले असतात. १९९६च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने ते अशाच कामासाठी राखून ठेवले. आतून एखादं यंत्र बाहेर बोलायला गेलं की राउटर त्याची नोंद करतो आणि उत्तर आलं की त्याच यंत्राकडे पोचवतो. बाहेरून कुणी आपणहून आलं तर मात्र वहीत नोंद सापडत नाही, म्हणून राउटर त्याला परत फिरवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवणं, की अमुक नंबरचं कुरिअर आलं तर थेट तिसऱ्या मजल्यावर पाठव. वॉचमनला असं सांगितल्याने कुरिअरवाल्याची गाडी रस्त्यावर जोरात धावायला लागत नाही.

त्यातही गंमत अशी, की गूगल ड्राइव्हवर किंवा वीट्रान्सफरवर फाइल चढवताना बोलणं सुरू करता तुम्ही, आतून बाहेर. बाहेरचं कुणी तुमच्या दारावर येतच नाही. म्हणजे ज्या कामासाठी पोर्ट उघडायचा हट्ट चाललेला असतो, त्या कामात फॉरवर्डिंगचा संबंधच नसतो. तरीही राउटरच्या पानावर सहा-सात नियम भरून ठेवलेले असतात, आणि "थोडा फरक वाटतोय" असंही सांगितलं जातं. रात्री दोन वाजता शेजारपाजारचे झोपले की थोडा फरक वाटणारच.

मग हे खूळ आलं कुठून? अगदीच हवेतून आलेलं नाही. २००२मध्ये ईम्यूल नावाचं फाइल वाटण्याचं सॉफ्टवेअर आलं. ज्याचा पोर्ट बाहेरून पोचण्याजोगा नसे, त्याला त्यात 'लो आयडी' मिळे आणि दोन लो आयडीवाले एकमेकांना जोडता येत नसत. ब्रॅम कोहेनने २००१मध्ये आणलेल्या बिटटोरंटमध्येही हीच अडचण वेगळ्या रूपात आहे. तुमचा पोर्ट बंद असेल तर ज्यांचे उघडे आहेत त्यांच्याशीच सहज जुळतं, दोन्ही बाजू बंद असतील तर काहीतरी युक्ती लढवावी लागते. फाइल मागणारी माणसंच चार-पाच असतील आणि त्यांतली निम्मी तुमच्यापर्यंत पोचू शकत नसतील, तर अपलोडचा आकडा कमी दिसणारच. पोर्ट उघडला की ती माणसं येतात आणि आकडा वर जातो. लोकांनी यातून "स्पीड वाढला" एवढंच उचललं. वाढले ते घेणारे. लाइनची क्षमता होती तेवढीच राहिली.

आणखी एक प्रकार खरा आहे, तोही सांगतो, नाहीतर कुणीतरी दाखला घेऊन येईल. सिंकथिंगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन संगणक थेट जुळले नाहीत तर माल तिसऱ्याच कुणाच्या तरी रिले सर्व्हरवरून वळसा घेऊन जातो, आणि तो रिले संथ असतो. अशा वेळी २२००० नंबरचा पोर्ट एका बाजूला जरी नीट फॉरवर्ड केला तरी जोडणी थेट होते आणि वेग खरंच सुधारतो. सिंकथिंगच्या पडद्यावर त्या यंत्रासमोर 'रिले' लिहिलेलं दिसत असेल, तर राउटरला हात लावायला हरकत नाही. आधीच थेट जोडणी दिसत असेल, तर राउटर सोडा आणि पुढचं वाचा.

अपलोड संथ असण्याचं सगळ्यात साधं कारण प्लॅनमध्येच असतं. "शंभरचा प्लॅन" यातले शंभर बहुतेकदा डाउनलोडचे. आपल्याकडे ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या जानेवारी २०२३मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली गेली, तीही किमान डाउनलोड वेगाची आहे. अपलोडबद्दल त्यात अवाक्षर नाही. तेव्हा केबलवाल्याला स्पष्ट विचारा, "वर जायचा स्पीड किती?" समजा तो म्हणाला वीस. साठ जीबी म्हणजे ४,८०,००० मेगाबिट. भागिले वीस, २४,००० सेकंद, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं, तेही मध्ये एकदाही लाइन अडखळली नाही तर. कुठलाही पोर्ट हा भागाकार बदलत नाही. दोन्ही बाजूंनी शंभर देणारा प्लॅन घेतला तर हेच काम एक तास वीस मिनिटांवर येतं.

फायबर आलं म्हणजे सगळं मोकळं झालं, असंही नाही. घरोघरी येणारं फायबर बहुतांशी जीपॉन पद्धतीचं असतं. त्यात एका धाग्यावर खाली येणारा एकूण वेग सुमारे २.५ गीगाबिट आणि वर जाणारा त्याच्या निम्मा, १.२५ गीगाबिट. हा धागा स्प्लिटर लावून पुष्कळ घरांत वाटलेला असतो. बत्तीस घरं असतील आणि सगळी एकाच वेळी अपलोड करू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसही येत नाहीत. तसं सहसा होत नाही म्हणून धंदा चालतो.

आता तपासायचं कसं? लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, घरातले बाकीचे फोन वाय-फायवरून काढा आणि मग स्पीड टेस्ट घ्या. केबलवर वीस आणि वाय-फायवर सहा येत असतील तर दोष भिंतींचा आणि २.४ गीगाहर्ट्झच्या गर्दीचा. केबलवरही कमीच येत असेल तर कंपनीला फोन. टेस्ट उत्तम पण प्रत्यक्ष फाइल संथ, असं असेल तर टेस्टचा सर्व्हर कुठला ते बघा. तो बहुधा जवळच्या शहरातला, कधीकधी तुमच्याच कंपनीचा असतो. तुमचा माल चाललेला असतो अमेरिकेतल्या मुलाकडे. जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील आणि जुनाट सॉफ्टवेअर पोचपावती येईपर्यंत ६४ किलोबाइटच हवेत ठेवत असेल, तर लाइन शंभरची असो की हजारची, वेग अडीच एमबीपीएसच्या आसपास अडकतो. इथे उपाय म्हणजे सॉफ्टवेअर बदलणं किंवा एकाच वेळी चार-पाच फाइल पाठवणं.

आणि अपलोड लावलं की घरातलं सगळंच इंटरनेट मरतं, झूम कॉल तुटतो, त्याला बफरब्लोट म्हणतात. राउटरच्या आत पाकिटांची लांबलचक रांग लागते आणि डाउनलोडच्या छोट्या पोचपावत्याही तिच्यात अडकतात. सॉफ्टवेअरमध्ये अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांवर बांधा. जास्त जाऊ देण्यासाठी कमी मागायचं, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण करून पाहिलं की पुन्हा फोन येत नाही. राउटरमध्ये ही रांग आटोक्यात ठेवणाऱ्या एफक्यू-कोडेलची सोय असेल तर आणखी उत्तम.

ज्यांना फॉरवर्डिंग खरोखरच हवं आहे, म्हणजे एडिटरने तुमच्या घरातल्या नॅसवरून, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवरून, माल ओढून घ्यायचा आहे, त्यांची वेगळीच रड असते. सगळं बरोबर भरूनही पोर्ट 'क्लोज्ड' दिसतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान असेल, किंवा १०ने सुरू होत असेल, आणि ब्राउझरवर 'माझा आयपी काय' विचारल्यावर वेगळाच पत्ता येत असेल, तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागे आहात. आशिया-पॅसिफिकसाठीच्या आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११मध्येच संपत आला. मग कंपन्यांनी अनेक गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागे बसवलं, आणि त्यासाठीच २०१२मध्ये आरएफसी ६५९८ने ही १००.६४ची पट्टी राखून ठेवली. इथे तुमच्या राउटरमध्ये कितीही नियम भरा, पुढचं दार कंपनीच्या ताब्यात आहे. पब्लिक आयपी मागून घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतील. नाहीतर वायरगार्डवर चालणारं टेलस्केलसारखं काहीतरी वापरा.

पत्ता खरोखरचा पब्लिक असेल तर दोन गोष्टी पाहा. नॅसला आज १९२.१६८.१.५ मिळालाय, वीज जाऊन आली की १.९ मिळेल आणि नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवत बसेल. म्हणून पत्ता राखीव करून टाका. आणि पोर्ट तपासताना ते सॉफ्टवेअर चालू असू द्या. पलीकडे ऐकायला कुणी नसेल तर उघडा पोर्टही बंदच दिसतो. तपासणीही मोबाइल डेटावरून करा. घरातून घरचाच पब्लिक पत्ता उघडू पाहिला तर कित्येक राउटर दाद देत नाहीत.

बाकी किरकोळ समज चटचट उरकतो.

"शंभरचा प्लॅन आहे, पण बाराच दिसतात." शंभर मेगाबिट, बारा मेगाबाइट. आठाने भागा.

"६८८१पेक्षा ५१४१३ पोर्ट फास्ट आहे." नंबराला वेग नसतो.

"स्टॅटिक आयपी घेतला की स्पीड वाढतो." पत्ता बदलत नाही, एवढाच त्याचा फायदा.

"व्हीपीएनने अपलोड सुटतं." कंपनी मुद्दाम अडवत असेल तरच. अमेरिकेत कॉमकास्टने बिटटोरंटच्या जोडण्या तोडल्याचं २००७मध्ये उघड झालं होतं, आणि तिथली दूरसंचार नियामक संस्था एफसीसीने २००८मध्ये तिला फटकारलं. बाकी वेळी व्हीपीएन वेग खातोच.

"टोरंट म्हणजे बेकायदा." उबंटू आणि लिबरऑफिस स्वतःच टोरंटवरून दिले जातात. गुन्हा असेल तर तो फाइलमध्ये असतो.

"डीएमझी लावून सगळंच उघडून टाका, कटकट मिटेल." त्यात ४४५ नंबरचा पोर्टही उघडतो, ज्यावरून मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तेव्हा ब्रिटनमधल्या रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले होते. लग्नाच्या व्हिडिओसाठी एवढी उठाठेव नको, लागेल तेवढा एकच पोर्ट उघडा आणि माल पोचला की तो नियम काढून टाका.