गिधाडं मोजली म्हणून कळलं

परवा माहेरी गेले तर भावाची म्हैस आजारी. डॉक्टर इंजेक्शन भरत होते. मी पटकन विचारलं, "कुठलं औषध हो?" वहिनी हसली, "वन्सं, तुम्हाला काय करायचंय?"

करायचंय ना! लहानपणी ओढ्याकाठी मेलेलं जनावर टाकलं, की बघता बघता गिधाडं उतरायची. पुढे ती दिसेनाशी झाली, भटकी कुत्री वाढली. आमच्यापैकी कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

राजस्थानात भरतपूरला मात्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश त्यांची घरटी मोजत होते. १९८०च्या दशकात शेकडो असलेली घरटी नव्वदीत निम्म्याहून कमी झाली. १९९२ ते २००७ या काळात तर देशातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादंच उरलं. जुने आकडे होते, म्हणून तर हे कळलं!

२००४ मध्ये कारण पुढे आलं. गुरांचं दुखणं थांबवायला दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या.

डॉक्टरांनी बाटली दाखवली. मेलॉक्सिकॅम! ते गिधाडांना चालतं. जीव भांड्यात पडला.

मैत्रिणींनो, दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितोच. त्याच चौकोनात अंगणात आलेल्या पाखरांचीही नोंद करूया का?