पिवळा दिवा लागतो आणि विझतो

मलेरियाचा ताप आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. आधी थंडी वाजते, मग अंग तापते, नंतर घाम सुटतो. ताप उतरला की माणूस उठून कामाला लागतो. पण ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नाही. एक दिवसाआड तो परत येतो.

जुन्या मोटारीच्या ब्रेकलाही असाच एक रोग होतो. गाडी चालता चालता समोर एक पिवळा दिवा लागतो. थोड्या वेळाने आपोआप विझतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की दिवा बंदच असतो. मिस्त्री म्हणतो, "काहीच नाही, भाऊ. घेऊन जा." घराकडे निघावे, तर वाटेत दिवा परत हजर!

हा रोग कसा ओळखावा आणि त्यावर उपाय काय, ते आज पाहू. एकोडीसारख्या गावात जुनी गाडी घेणारे पुष्कळ आहेत. हीच गाडी साकोलीच्या बाजाराला जाते, दवाखान्यात जाते, लग्नाला जाते. म्हणून ही माहिती मालकाला हवी, चालवणाऱ्याला हवी, आणि गाडीत बसणाऱ्यालाही हवी.

हा दिवा कशाचा?

गाडीची चावी फिरवा. समोरच्या फळीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, काही दिवे लागतात. त्यांत एका पिवळ्या दिव्यात तीन इंग्रजी अक्षरे असतात. त्यांचा उच्चार 'एबीएस'. हा दिवा काही क्षण लागून विझला, तर सर्व ठीक आहे. तो लागलाच नाही, तर गाडीत ही सोय नसेल, किंवा दिवाच गेला असेल.

एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था. मोटारीत ती १९७८ साली जर्मनीत आली. आपल्या देशात पुष्कळ वर्षे ती महागड्या गाड्यांतच मिळे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत काहींना ती आहे, काहींना नाही. जुनी गाडी घेताना हा दिवा अवश्य पाहावा.

ही सोय काय करते?

पावसाळ्याचे दिवस आहेत. रोवणी चालू आहे. ट्रॅक्टर बांधीतून निघून डांबरी रस्त्यावर येतात आणि चिखल सांडत जातात. अशा रस्त्यावर एकदम म्हैस आडवी आली. आपण जोरात ब्रेक दाबला. चाके फिरायची थांबली, पण गाडी थांबली नाही. ती घसरत गेली. चाक फिरत नसेल, तर स्टिअरिंग कितीही वळवा, गाडी वळत नाही.

मारक्या बैलाला आवरताना अनुभवी माणूस दावे सारखे ताणून धरत नाही. तो आवळतो, जरा ढिले सोडतो, परत आवळतो. एबीएस तेच करते. जाम होणाऱ्या चाकाचा ब्रेक ते क्षणभर सोडते आणि परत धरते. एका सेकंदात असे अनेकदा होते. त्यामुळे चाक फिरत राहते आणि गाडी वळवता येते. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते, घर्र घर्र आवाज येतो. तो बिघाड नव्हे. घाबरून पाय काढू नये. पेडल दाबूनच ठेवावे.

पण हेही ध्यानात ठेवा. गिट्टी आणि मुरमाच्या रस्त्यावर एबीएस असूनही गाडी लांब जाऊन थांबते. यंत्र आहे म्हणून वेग वाढवू नये.

यंत्राचे चार भाग

पहिला भाग सेन्सर. तो चाकापाशी असतो आणि चाकाचा वेग मोजतो. दुसरा भाग दाते असलेली कडी. ती चाकाबरोबर फिरते. सेन्सर तिचे दाते मोजतो. तिसरा भाग म्हणजे यंत्राचा मेंदू. चारही चाकांच्या वायरी त्याच्याकडे जातात. चौथा भाग म्हणजे व्हॉल्व्ह आणि पंप असलेली धातूची पेटी. तीच ब्रेक ऑइलचा दाब सोडते आणि धरते. बहुतेक गाड्यांत मेंदू आणि ही पेटी एकत्र जोडलेली असते. हाच सर्वांत महाग भाग.

मेंदू चारही चाकांचा वेग सारखा ताडून पाहतो. एका चाकाची बातमी तुटली, की तो म्हणतो, "अपुऱ्या बातमीवर मी काम करणार नाही." मग तो एबीएस बंद करतो आणि पिवळा दिवा लावतो.

दिवा लागला तर गाडी चालवावी का?

फक्त पिवळा दिवा लागला, तर साधा ब्रेक चालू असतो. चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण मात्र गेलेले असते. गाडी हळू न्यावी, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे आणि लवकर तपासून घ्यावी.

लाल दिवा लागला, तर जास्त जपावे. आधी हँडब्रेक ओढलेला राहिला का ते पाहावे. मग ब्रेक ऑइलची बाटली पाहावी. ऑइल कमी असेल, तर वळणावर ते एका बाजूला जाते आणि लाल दिवा लुकलुकतो. ऑइल कमी होण्याचे कारण शोधावे. ब्रेकचे पॅड झिजले असतील, किंवा कुठे गळत असेल.

लाल आणि पिवळा दोन्ही दिवे लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांवर ब्रेक वाटून देणारी सोयही बंद पडलेली असू शकते. तेव्हा जोरात ब्रेक दाबला, तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. गाडी बाजूला लावून मिस्त्रीला बोलवावे. आणि पेडलच खाली बसत असेल, तर गाडी एक पाऊलही हाकू नये. ती ओढून न्यावी.

दोष येतो आणि जातो, तो का?

पूर्ण तुटलेली वायर सापडायला सोपी. अर्धवट तुटलेली कठीण. पुढचे चाक वळते, खड्ड्यात वरखाली होते. त्याबरोबर सेन्सरची वायर हजारो वेळा वाकते. वरचे रबर चांगले दिसते, पण आतली तार तुटलेली असते. गाडी सरळ असली की टोके टेकतात, वळली की सुटतात. म्हणून दिवा लागतो आणि विझतो.

दुसरे कारण पाणी. वायरी जोडणारे कपलर असतात. त्यांत पाणी शिरले की पितळेवर हिरवट थर चढतो. ओल असली की दोष दिसतो, वाळले की लपतो.

तिसरे कारण गंज आणि मळ. कडी आणि सेन्सर यांच्यामध्ये फार थोडी फट असते, बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास. गंज चढला, की ही फट बदलते. सेन्सरमधल्या चुंबकाला लोखंडाचा कीसही चिकटतो. चाकाचे बेरिंग ढिले झाले, तरी फट कमीजास्त होते. कडीला बारीक चीर पडली, तर प्रत्येक फेऱ्यात एक दाता चुकतो.

चौथे कारण विजेचे. बॅटरी कमजोर, तिची टोके ढिली, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला. वीज कमी पडली की मेंदू काम सोडतो.

पाचवे कारण उंदीर. धान घरात आले, की उंदीरही येतात. महिनाभर उभ्या गाडीच्या वायरी ते कुरतडतात.

सहावे कारण खुद्द मेंदूत असते. त्याच्या आतल्या झाळलेल्या सांध्याला चीर पडते. गाडी तापली की चीर उघडते, थंड झाली की मिटते. असे घडते खरे, पण आधीची पाच कारणे तपासल्यावाचून या कारणाकडे जाऊ नये.

आधी विचारा, मग उघडा

चांगला वैद्य नाडी पाहण्याआधी विचारतो, ताप केव्हा चढतो? चांगला मिस्त्रीही तसेच विचारतो.

"भाऊ, दिवा केव्हा लागतो?"

"कधीही लागतो, मिस्त्री. काही नेम नाही."

"नेम असतोच. पाऊस पडल्यावर लागतो का?"

"नाही. कोरड्यातही लागतो."

"वळणावर लागतो का?"

"हो, आता आठवले. साकोलीकडे जाताना डावीकडे वळलो की लागतो."

"खड्ड्यात?"

"खड्ड्यातही लागतो."

बघा, एकाही पान्याला हात न लावता अर्धा शोध लागला. वळणावर आणि खड्ड्यात लागतो, म्हणजे वायर किंवा बेरिंग. पाऊस पडल्यावर लागत असता, तर कपलर. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना लागत असता, तर बॅटरी. तासभर चालवून गाडी तापल्यावरच लागत असता, तर मेंदूचा संशय.

आणखी एक खूण आहे. कोरड्या रस्त्यावर गाडी हळूच थांबवताना, अगदी शेवटी, पेडल विनाकारण थरथरते. दिवा लागतही नाही. अशा वेळी बहुधा एका चाकाची बातमी कमी वेगात क्षीण होते, आणि चाक जाम झाले असे मेंदूला वाटते. कडी आणि सेन्सर तपासावा.

म्हणून गाडीत एक छोटी वही ठेवा. दिवा लागला की गाडी थांबवून त्यात लिहा: तारीख, वेळ, पाऊस की ऊन, वेग किती, वळण कोणत्या बाजूला. लिहिता-वाचता येण्याचा हा रोकडा फायदा आहे. आठ दिवसांची ही टिपणे मिस्त्रीचे पुष्कळ तास वाचवतात, आणि तुमचे पैसेही.

तपास स्वस्तापासून महागाकडे

पहिल्याने बॅटरी पाहावी. इंजिन बंद असता चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता साधारण १४ व्होल्ट दिसावेत. टोके घासून आवळावीत. फ्यूज आणि अर्थिंग पाहावे.

दुसऱ्याने टायर पाहावेत. चारही एका मापाचे हवेत, हवा सारखी हवी. एक टायर लहान असेल तर ते चाक जास्त वेगाने फिरते, आणि मेंदू गोंधळतो.

तिसऱ्याने स्कॅनर लावावा. स्कॅनर म्हणजे मेंदूची वही वाचणारे यंत्र. दिवा विझला, तरी दोषाची नोंद बहुधा आत राहते. म्हणून नोंद वाचण्याआधी पुसू नये. मात्र स्कॅनर एबीएस वाचणारा हवा. काही स्वस्त स्कॅनर फक्त इंजिन वाचतात.

नोंदीत 'डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर' असे आले, म्हणून सेन्सर विकत आणायला धावू नये. त्या वाटेवर कुठेतरी दोष आहे, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर, वायर, कपलर, कडी, बेरिंग, सगळे त्या वाटेवरच आहेत. मग गाडी चालवून स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहावे. एकाने चालवावे, दुसऱ्याने पाहावे. तीन चाके तीस दाखवतात आणि चौथे मध्येच शून्यावर येते, तर रोग तिथेच.

चौथ्याने गाडी उचलून ते चाक पाहावे. नुसत्या जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम स्टँड लावावा, बाकीच्या चाकांना दगड लावावे. चाक हाताने हलवून बेरिंग पाहावे. कडीचे दाते एकेक पाहावेत. जुना चुंबकी सेन्सर असेल, तर मल्टिमीटरने ओहम मोजावेत आणि दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडावेत. मोजता मोजता वायर हलवावी. आकडा उडाला, तर तुटलेली जागा सापडली. नव्या जातीच्या सेन्सरला मात्र ओहममीटर लावू नये, तो बिघडू शकतो. त्याची परीक्षा स्कॅनरवरच करावी.

दुरुस्ती

कपलर हिरवा झाला असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून साफ करावा आणि वाळवावा. सेन्सरची बैठक गंजली असेल, तर पॉलिश पेपरने घासावी. सेन्सरवर हातोडी मारू नये. चाकाजवळ वायर तुटली असेल, तर पीळ देऊन वर पट्टी गुंडाळू नये. तो सांधा पहिल्या पावसाळ्यात दगा देतो. वायरीसह नवा सेन्सर घालणे बरे.

बेरिंग बदलताना एक गोष्ट पाहावी. काही गाड्यांत दात्यांच्या कडीऐवजी बेरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते. ते बेरिंग उलटे बसले, तर सेन्सरला काहीच दिसत नाही.

खरोखर मेंदूच बिघडला असेल, तर फक्त हेच काम करणाऱ्या जाणकाराकडून तो दुरुस्त करता येतो. जुना मेंदू आणून बसवायचा, तर त्यावरचा नंबर जुळला पाहिजे.

काम झाल्यावर नोंद पुसावी. मग मोकळ्या जागी गाडी चालवून पाहावी. ज्या वळणावर दिवा लागत होता, तिथेही न्यावी. आठ दिवस दिवा लागला नाही, तरच दुरुस्ती झाली म्हणावे.

एवढे मात्र करू नये

काही जण दिव्याचा बल्ब काढतात. काही जण फ्यूज काढून टाकतात. काही विकणारे दिव्यावर काळी पट्टी लावतात. ताप मोजायचा काच फोडला, म्हणून ताप उतरत नाही. गाडीत बसलेली पोरेबाळे त्या दिव्याच्या भरवशावर असतात.

एवढे ध्यानात ठेवा

दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नाही. दिवा केव्हा लागतो, ते लिहून ठेवा. स्वस्त भाग आधी तपासा. लाल आणि पिवळा दोन्ही लागले, तर थांबा.

सांगा पाहू

१. चाक जाम झाले तर स्टिअरिंगचा उपयोग का होत नाही?
२. पाऊस पडल्यावरच दिवा लागतो. आधी काय तपासाल?
३. नोंदीत सेन्सरचे नाव आले, तरी लगेच नवा सेन्सर का आणू नये?
४. तुमच्या ओळखीच्या गाडीत हा दिवा आहे का? चावी फिरवून पाहा आणि वहीत लिहा.