पद्मिनीचा उन्हाळा

थंडीत माझी पद्मिनी कसलीच तक्रार करत नाही. चोक ओढायचा, दुसऱ्या सेल्फला इंजिन धरतं आणि गाडी निमूट चालू लागते. तिची खरी परीक्षा मे महिन्यात होते. भर दुपारी, खंबाटकी घाटाच्या चढावर, पुढे रांगत चाललेला मालट्रक आणि आत चार माणसं. तिथे बोनेटखालून वाफ आली नाही, तर गाडी रस्त्यावर काढण्याजोगी झाली असं समजावं.

हे मला एका फजितीतून कळलं. वडिलांची १९७८ची ही गाडी नऊ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. हौसेने आधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, सीट शिवून घेतल्या, बंपर चकचकीत केले. पहिल्याच उन्हाळी फेरीत, त्याच घाटात पाणी उकळलं आणि हेड गॅस्केट गेलं. नवी कोरी दिसणारी गाडी टोचन करून परत आणावी लागली. त्या दिवसापासून कामाचा क्रम बदलला: आधी ब्रेक, मग पाणी, मग पेट्रोल, मग वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी.

पद्मिनी मुळात इटलीची. फियाटची ११००डी ही गाडी १९६४ मध्ये ‘डिलाइट’ या नावाने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली. कारखाना प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये ही कंपनी उभी केली. १९७४ पासून गाडीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. पण घरोघरी जपलेल्या गाड्या अजून आहेत आणि त्या चालवता येतात, कारण ही गाडी दुरुस्त करता यावी अशीच घडवली आहे. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. बोनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पाना घालायला हात पोचतो.

ब्रेक पहिले, कारण चालू न झालेली गाडी घरी राहते. न थांबणारी गाडी जीव घेते. चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच. एका व्हील सिलिंडरचं रबर फाटलं की पूर्ण पेडल खाली जातं. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबर किट, होज पाइप हे सगळं एकदम बदललं. ऑइलही नवीन. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. घाट उतरताना ड्रम तापले, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पाय नुसता आत जातो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम म्हणूनच पाळायचा. टायरचंही तसंच. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. टायरच्या अंगावरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि साल असतं. माझ्या स्टेपनीवरचं साल वाचून ती मी तिथल्या तिथे टाकून दिली.

मग पाणी. इंजिनचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनिअमचं. एकदा जास्त तापलं की हेड वाकतं आणि मग ते फेस करून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. आमच्या गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. रेडिएटरवाल्याने ब्लो लॅम्पने झाळ सोडवून वरची टाकी उचलली, तेव्हा निम्म्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षाराने बुजलेली होती. त्याने पातळ पट्टीची सळई घेतली आणि एकेका नळीतून वरून खाली सरकवत नेली. खालून तांबूस गाळ पडत होता. शेवटच्या नळीतून दिव्याचा उजेड आरपार दिसला, तेव्हाच त्याने टाकी पुन्हा झाळली. सोबत वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज, फॅन बेल्ट आणि रेडिएटरचं झाकणही नवीन घातलं. झाकण क्षुल्लक वाटतं, पण त्याची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि दाबाखालचं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. आता साध्या पाण्याऐवजी कूलंट असतं, आणि डॅशबोर्डखाली वेगळं टेंपरेचर मीटर बसवून घेतलं आहे.

उन्हाळ्यातली सर्वांत फसवी खोड पेट्रोलची. गाडी तासभर उत्तम पळते, चहाला थांबून पुन्हा सेल्फ मारावा तर ढिम्म. पळताना वारा आणि पाणी उष्णता वाहून नेतात; थांबल्यावर इंजिनची सगळी धग पेट्रोल पंपात आणि कार्बोरेटरमध्ये चढते. टाकी मागे, पंप पुढे इंजिनला चिकटलेला. तो पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे नळीतला दाब कमी होतो आणि तापलेल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ पंपाला ढकलता येत नाही. टॅक्सीवाले यावर पंपावर ओला फडका टाकत. आम्ही पंपाखाली बेकेलाइटचं जाड पॅकिंग घातलं, नळी एक्झॉस्टपासून लांबून फिरवली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा केला. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि ओल धरून टाकीला गंज आणतं. म्हणून पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घेतल्या, टाकी उतरवून आतून धुतली. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ पडून इंजिन जास्त तापतं. त्यावर कार्बोरेटरचा मेन जेट किंचित मोठा केला.

विजेच्या बाजूचं काम निगुतीचं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं, पॉइंट घासून स्वच्छ करायचे, इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा बरोबर टाचेखाली आणायचा आणि फटीत गेजची पाती सरकवायची. फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पाती ना सैल जावी, ना अडावी; लोण्यातून सुरी जाते तितकीच धरून यावी. आमच्या मिस्त्रींनी ती पाती माझ्या हाती दिली आणि स्वतः बाजूला झाले. चौथ्या प्रयत्नाला जमलं. मिसिंग गेलं, पिकअप परत आला.

पार्ट मिळतात, शोधावे लागतात. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जिथे गाडी जन्मली, तिथेच तिचे अवयव सापडतात. कागदांचीही काळजी घ्यावी. ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली, पण त्या नोंदणीवर गाडी नियमित वापरता येत नाही. चालवायची असेल तर नेहमीची नोंदणी ठेवून आरटीओची तपासणी, पर्यावरण कर आणि पीयूसी वेळेवर करणं हाच मार्ग.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन वाईला निघालो. खंबाटकी चढलो, मीटरचा काटा जागचा हलला नाही. घाट उतरून चहाला थांबलो, तर एक वयस्कर गृहस्थ गाडीभोवती फिरू लागले. मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवलेली. म्हणाले, “बोनेट उघडा की जरा.” उघडल्याबरोबर त्यांचा हात सवयीने थेट पेट्रोल पंपावर गेला.

“फडका नाही ठेवला?”

“गरज पडली नाही, काका.”

त्यांनी हात तसाच ठेवला, मग नळीवरून फिरवला, आडोशाचा पत्रा बोटाने वाजवून पाहिला. “मारा सेल्फ,” म्हणाले. पहिल्या सेल्फला इंजिन धरलं. बोनेट त्यांनीच लावलं, दोन्ही तळव्यांनी, अलगद दाबून.